मधुमेही वडील आणि रमजानचे रोजे: लाभ कशातून होतो आणि धोका कुठे आहे

तुम्ही विचारले आहे, की इस्लाममधील रोज्यांचे आध्यात्मिक आणि शारीरिक लाभ कोणते आणि वैद्यकशास्त्राला ते मान्य आहेत का. मात्र प्रश्नाखाली दिलेला तपशील वाचल्यावर खरी अडचण वेगळी असल्याचे लक्षात येते. वडिलांचे वय ६१, मधुमेह ११ वर्षांपासून, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ८.१, आणि मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या दोन्ही गोळ्या दिवसातून दोनदा. गेल्या रमजानमध्ये असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या, नमाजानंतर दुकानात त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, तरीही त्यांनी रोजा सोडला नाही. आता व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश वाचून त्यांची खात्री पटली आहे, की रोज्यांनी मधुमेह मुळासकट जातो, आणि म्हणून येत्या रमजानमध्ये गोळ्याही बंद करण्याचा त्यांचा विचार आहे. म्हणजे तुम्हाला फायद्यांची यादी नको आहे. वडिलांची श्रद्धा न दुखावता त्यांचा जीव कसा सांभाळावा, हे तुम्हाला हवे आहे.

मी पुण्यात कॅम्प भागात अनेक वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत मोमिनपुरा, कोंढवा, भवानी पेठ या भागांतील बरीच कुटुंबे आहेत, आणि मी स्वतः रोजे धरतो. मी मुफ्ती, म्हणजे धार्मिक निवाडा देणारा विद्वान, नाही. धर्माविषयी येथे जे लिहितो आहे ते सर्वमान्य आहे तेवढेच, आणि वडिलांच्या बाबतीतील शेवटचा धार्मिक निर्णय तुम्ही ज्या आलिमांना (धर्मविद्वानांना) मानता त्यांच्याकडूनच घ्यावा. औषधांच्या बाबतीतही वडिलांची मूत्रपिंडे कशी आहेत, डोळ्यांचा पडदा तपासला आहे का, हृदयाचा काही त्रास आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. या गोष्टींवर बरेच काही अवलंबून असते. त्यामुळे खाली सांगितलेले वडिलांच्या डॉक्टरांसमोर ठेवावे. त्यावरून घरच्या घरी गोळी बदलू नये.

आधी रोजा कशासाठी आहे ते पाहू, कारण तेथेच गल्लत झाली की पुढचे सगळे चुकते. रमजानचे रोजे हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२४ च्या सुमारास, फर्ज (बंधनकारक) झाले. कुरआनमध्ये दुसऱ्या सूऱ्यातील १८३ व्या आयतीत त्यांचा उद्देश स्पष्ट सांगितला आहे: तुमच्यात तक्वा यावा, म्हणजे अल्लाहची सतत जाणीव ठेवून वाईटापासून दूर राहण्याची वृत्ती यावी. वजन, साखर, रक्तदाब यांचा तेथे उल्लेख नाही. रोजा धरणारा माणूस बंद खोलीत एकटा असतानाही पाण्याचा घोट घेत नाही. कोणी पाहत नसते, कोणी विचारणार नसते, तरी तो थांबतो, आणि या थांबण्याचा साक्षीदार एकटा अल्लाह असतो. इतर इबादती (उपासना) चारचौघांना दिसतात, रोजा दिसत नाही; म्हणूनच हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनसंग्रहात, रोज्याला अल्लाहने खास आपला म्हटले आहे. प्रेषितांनी असेही बजावले आहे, की जो खोटे बोलणे आणि तसे वागणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला काहीच गरज नाही. भूक हे साधन आहे. जीभ, नजर, राग आणि व्यवहार यांच्यावरचा ताबा हे त्या साधनाने मिळवायचे असते, आणि ते न मिळाल्यास उरते ती केवळ उपासमार.

माझ्या अनुभवात या ताब्याचा सर्वांत ठळक परिणाम तंबाखूवर दिसतो, आणि डॉक्टर म्हणून मला रमजानचा हा लाभ बाकी सर्वांपेक्षा मोलाचा वाटतो. आपल्याकडे बिडी-सिगारेट ओढणारे पुरुष जसे आहेत, तशा वर्षानुवर्षे मिसरी लावणाऱ्या बायकाही आहेत. रोज्यात धूर, गुटखा, तंबाखूची मिसरी सगळेच वर्ज्य असते. ‘मला तासभरसुद्धा राहवत नाही’ असे अकरा महिने सांगणारा माणूस रमजानमध्ये रोज १३ तास तंबाखूशिवाय राहतो आणि आपले काम नीट करतो. त्याला स्वतःविषयी जे कळते ते मी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही. अर्थात इफ्तारची, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडतानाची, खजूर तोंडात टाकताच जो बिडी पेटवतो, त्याची सवय ईदनंतर जशीच्या तशी परत येते. ज्यांनी ती कायमची सोडली, त्यांनी बहुधा रमजान लागण्यापूर्वीच तसे ठरवले होते, घरात सांगितले होते आणि संध्याकाळची वेळ तरावीहमध्ये (रमजानमधील रात्रीच्या खास नमाजात) घालवली होती. तुमच्या घरात कोणाला हे व्यसन असेल, तर येता रमजान त्यासाठी वापरावा, असे मी मनापासून सांगतो.

आता शरीराविषयी. पुण्यात रोजा उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत साधारण साडेचौदा तासांचा आणि हिवाळ्यात साडेबारा तासांच्या आसपास असतो. सेहरीचे, म्हणजे रोज्यापूर्वी पहाटे घेतलेले, अन्न पचून त्यातील साखर रक्तात येण्यास काही तास लागतात. त्यानंतर यकृतात साठवलेले ग्लायकोजेन हळूहळू साखरेत रूपांतरित होऊन रक्तात मिसळत राहते, आणि दुपारनंतर, तो साठा कमी होत जातो तशी शरीर चरबीचा वापर वाढवते. निरोगी माणसात हे सगळे आपोआप सांभाळले जाते, कारण साखर उतरू लागली की इन्शुलिनही उतरते. म्हणून निरोगी माणसाला रोज्याने अपाय होत नाही; पहिले दोन-चार दिवस डोके दुखते, ते बहुतेक वेळा सकाळचा चहा बंद झाल्याने आणि झोप मोडल्याने. रमजान लागण्यापूर्वी आठवडाभर चहा कमी करत आणला, तर हा त्रास बराच टळतो.

लाभांबद्दल संशोधन काय सांगते, तेही प्रामाणिकपणे सांगतो. अनेक देशांतील अभ्यास एकत्र पाहिले असता रमजानमध्ये सरासरी एक-दीड किलो वजन उतरते, आणि त्यातील बरेचसे पुढच्या काही आठवड्यांत परत येते. लंडनमध्ये रोजेदारांच्या एका लहान गटावर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ७ अंकांनी आणि खालचा सुमारे ३ अंकांनी कमी आढळला, आणि वजनातील बदल लक्षात घेऊनही हा फरक टिकला. कोलेस्टेरॉलमध्ये काही अभ्यासांत थोडी सुधारणा दिसते, काहींत दिसत नाही. हे लाभ खरे आहेत, पण ते माफक आहेत. महिनाभर जे मिळाले ते पुढे टिकवण्याचे काम रोजा करत नाही, ते आपल्यालाच करावे लागते.

तुमच्या वडिलांना आलेल्या संदेशात जपानी शास्त्रज्ञाच्या नोबेल पारितोषिकाचा दाखला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. हा संदेश मीही पाहिला आहे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, हे खरे आहे. पेशी आपल्याच आतील जुने, खराब झालेले भाग मोडून पुन्हा वापरतात, त्या क्रियेमागची जनुके आणि यंत्रणा त्यांनी शोधून काढली, आणि त्यांचे ते मूळ प्रयोग यीस्टवर, म्हणजे आपण पाव फुगवायला वापरतो त्या सूक्ष्म बुरशीवर, झाले. त्यांनी रोजेदारांवर प्रयोग केले नाहीत, आणि ‘रोज्यांनी कर्करोग किंवा मधुमेह बरा होतो’ असे त्या कामातून सिद्ध होत नाही. उपासमारीत पेशींची ही क्रिया वाढते हे प्राण्यांमध्ये दिसले आहे. त्यावरून १३ तासांच्या रोज्याने माणसाचा ११ वर्षांचा मधुमेह जातो, या निष्कर्षाला आधार नाही. अल्लाहच्या आज्ञेला नोबेलच्या प्रमाणपत्राची गरज आहे असे मला कधीच वाटले नाही, आणि असले संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या हातून एखाद्या आजारी माणसाच्या गोळ्या बंद होतात, याचे मला फार वाईट वाटते.

मधुमेहात, विशेषतः वडिलांसारख्या गोळ्या चालू असताना, नेमके काय बिघडते ते आता समजून घ्या. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. सेहरीला घेतलेली तिची मात्रा दिवसभर काम करत राहते. दुसरीकडे यकृतातील साठा दुपारपर्यंत खालावलेला असतो. निरोगी माणसात साखर उतरताच इन्शुलिन मागे हटते, ती सोय येथे गोळीमुळे राहत नाही, आणि म्हणून साखर खाली जाण्याचा सर्वाधिक धोका असर ते मगरिब (सूर्यास्ताची नमाज) या वेळेत असतो. गेल्या वर्षी वडिलांना झालेला त्रास वेळ आणि लक्षणे पाहता मला तसाच वाटतो. तो अशक्तपणा समजून सहन करणे चूक होते. त्या अवस्थेत ते दुकान बंद करून स्कूटरवर घरी निघाले असते, तर काय झाले असते याचा विचार करावा.

हा धोका किती मोठा आहे, याचा अंदाज २००१ साली १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेही लोकांच्या पाहणीतून आला. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान १५ दिवस रोजे धरले होते, म्हणजे ‘धरू नका’ एवढे सांगून डॉक्टरांचे काम संपत नाही हे त्यातून कळले. आणि याच गटात रुग्णालयात दाखल करावे लागण्याइतकी साखर खाली जाण्याचे प्रमाण एरवीपेक्षा साडेसात पट झाले होते. साखर अतोनात वाढून दाखल होण्याचे प्रमाणही सुमारे पाचपट होते. गोळ्या मनाने बंद करणे हे या दुसऱ्या संकटाला आमंत्रण आहे. वडिलांनी गोळ्या बंद करून रोजे धरले, तर साखर आवरायला काहीच उरणार नाही, इफ्तारच्या गोडाने ती आणखी वर जाईल, आणि पाणी न पिल्याने शरीर लवकर शुष्क होईल.

म्हणून डॉक्टरांची भेट रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी घ्यावी. मी अशा रुग्णाच्या बाबतीत साधारण असा विचार करतो: मेटफॉर्मिन एकटी साखर फारशी खाली नेत नाही, तेव्हा ती बहुधा इफ्तार आणि सेहरीला विभागून चालू ठेवता येते. ग्लिमेपिराइडची मोठी मात्रा इफ्तारला ठेवून सेहरीची कमी करावी लागते किंवा तिच्या जागी कमी धोक्याच्या गटातील औषध द्यावे लागते. हा बदल रमजानच्या पहिल्या दिवशी करून चालत नाही. आधी काही दिवस त्यावर साखर कशी राहते ते पाहावे लागते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या कोणी सुचवल्या, तर त्या ऐन रमजानच्या तोंडावर सुरू करू नयेत, कारण त्यांनी शरीरातील पाणीही कमी होते. इन्शुलिन घेणारे, डायलिसिसवर असलेले, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि टाइप १ मधुमेहाचे रुग्ण यांना मी रोजे न धरण्याचाच सल्ला देतो. गरोदर स्त्रियांना मधुमेह असेल तर त्यांनाही तोच सल्ला असतो.

वडिलांची एचबीएवनसी, ११ वर्षांचा आजार आणि गेल्या वर्षीचा प्रसंग एकत्र पाहिला, तर आज आहेत त्या गोळ्यांवर त्यांनी रोजे धरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. औषध बदलून, साखर आटोक्यात आणून, शाबानमध्ये (रमजानआधीच्या महिन्यात) एक-दोन नफल (ऐच्छिक) रोजे धरून पाहिले आणि ते निर्धोक गेले, तर डॉक्टर वेगळा निर्णय देऊ शकतील. त्या वेळी घरात ग्लुकोमीटर असणे अनिवार्य आहे. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, यावर आलिमांचे व्यापक एकमत आहे. तरी माझ्याकडे दरवर्षी असे रुग्ण येतात ज्यांनी याच भीतीने महिनाभर तपासणी केलेली नसते. सेहरीपूर्वी, दुपारी, असरच्या सुमारास, इफ्तारपूर्वी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी साखर पाहावी, आणि अस्वस्थ वाटले तर केव्हाही पाहावी. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला, तर रोजा त्याच क्षणी सोडावा. मगरिबला वीस मिनिटे उरली असली तरी सोडावा. या वीस मिनिटांसाठी लोक हट्ट करतात आणि तेवढ्यात बेशुद्ध होतात.

येथेच वडिलांच्या मनातील खरी अडचण येते. ‘रोजा तोडला तर गुनाह होईल, धरला नाही तर रमजान वाया जाईल,’ ही भीती मी ज्येष्ठ रुग्णांच्या तोंडून वारंवार ऐकतो. परंतु ज्या सूऱ्यात रोजा फर्ज केला आहे, त्याच सूऱ्यात पुढच्याच आयतींमध्ये आजारी आणि प्रवासी माणसाला इतर दिवसांत तेवढे रोजे पूर्ण करण्याची मुभा दिली आहे, आणि अल्लाह तुमच्यासाठी सुलभता इच्छितो, तो तुमच्यासाठी कष्ट इच्छित नाही, असे १८५ व्या आयतीत आले आहे. ही मुभा कमजोर माणसावर केलेली मेहरबानी म्हणून खाली मान घालून घ्यायची गोष्ट नाही. ती आज्ञेचाच भाग आहे. जिवाला धोका असल्याने सोडलेल्या रोज्याची फक्त कजा (तो रोजा नंतर भरून काढणे) असते, कफ्फारा (प्रायश्चित्त) नसतो. आणि ज्याला पुढेही रोजा झेपण्याची आशा नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला दोन वेळ जेवू घालावे, म्हणजे फिद्या द्यावा. एका माणसाने न धरलेल्या रोज्यातून महिनाभर दुसऱ्या माणसाचे पोट भरते. या व्यवस्थेत मला फार मोठी करुणा दिसते, आणि वडिलांनाही ती दिसावी अशी माझी इच्छा आहे. तरावीह, कुरआनचे पठण, जकात आणि फित्रा ही दाने, शेवटच्या दहा रात्रींची इबादत, यांपैकी काहीही मधुमेहाने हिरावून घेतलेले नाही.

कजाच्या बाबतीत एक दिलासाही आहे. चांद्र वर्ष लहान असल्याने रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो आपल्याकडे २ मार्चला सुरू झाला होता. २०३० मध्ये तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा येणार आहे. म्हणजे पुण्यातील मार्च-एप्रिलचे कोरडे ऊन मागे पडून लहान आणि गार दिवसांचे रमजान येऊ लागले आहेत. वडिलांनी या वर्षी साखर सुधारण्यावर लक्ष दिले, तर पुढचे रमजान आणि हिवाळ्यातील कजा रोजे त्यांना कदाचित झेपतील. ‘कधीच नाही’ असे त्यांना सांगू नका, कारण ते खरेही नाही.

आता इफ्तारविषयी, जे निरोगी आणि आजारी दोघांनाही लागू आहे. थोर इस्लामी विद्वान इमाम गझाली यांनी नऊशे वर्षांपूर्वी विचारले होते, की दिवसभर जे खाल्ले नाही ते सगळे संध्याकाळी एकदम खाल्ले, तर रोज्यातून मिळाले काय? कौसरबाग, मोमिनपुरा किंवा कॅम्पातील बाबाजान चौक येथे रमजानच्या संध्याकाळी जी रौनक असते ती मला प्रिय आहे, पण रोज भजी, समोसे, मालपुवा, फालुदा आणि दोन ग्लास लाल सरबत असा क्रम ठेवला, तर वजन, साखर आणि आम्लपित्त तिन्ही वाढणारच. आषाढी एकादशीला साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन साखर वाढवून येणारे माझे रुग्ण आणि ईदनंतर येणारे रुग्ण यांच्या रिपोर्टमध्ये मला फरक दिसत नाही. एक-दोन लहान खजूर, पाणी, थोडे फळ, मग नमाज आणि त्यानंतर साधे जेवण, हा क्रम सुन्नतशी (प्रेषितांच्या रीतीशी) जुळतो आणि पोटालाही मानवतो. सरबत हवेच असेल तर बिनसाखरेचे सब्जा घातलेले लिंबूपाणी घ्यावे. सेहरी चुकवू नये आणि ती वेळ संपत येताना घ्यावी. ज्वारीची भाकरी, अंडे किंवा डाळ, दही, भाजी हे पराठा-चहापेक्षा जास्त वेळ पुरते. इफ्तार ते सेहरी पाणी थोडे थोडे पीत राहावे, एकदम तांब्याभर पिऊन उपयोग नाही. तरावीहमध्ये वीस रकात (उभे राहणे, वाकणे, सजदा यांची आवर्तने) होतात, तोही व्यायामच असतो; त्या रात्री वेगळे चालायला जाण्याची गरज नाही. झोप मात्र जपावी लागते, कारण रात्री उशिरापर्यंत बाजारात फिरणे आणि पहाटे उठणे यात ती सर्वांत आधी जाते.

थोडक्यात तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की रोज्याचा आध्यात्मिक लाभ हा त्याचा हेतू आहे आणि शारीरिक लाभ हा निरोगी माणसाला, संयमाने खाल्ल्यास, मिळणारा माफक जोडलाभ आहे. मधुमेहावरील उपचार म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

वडिलांशी बोलताना तुम्ही एकटे बोलू नये, असे मला सुचवायचे आहे. मुलाने ‘रोजा धरू नका’ म्हटले की ते मुलाचे दडपण वाटते. त्यांना ज्यांच्याविषयी आदर आहे अशा इमामसाहेबांना आधी भेटा, गेल्या वर्षीचा प्रसंग आणि डॉक्टरांचे मत त्यांना सांगा, आणि ते वडिलांशी बोलतील असे पाहा. डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे, मागील दोन एचबीएवनसीचे रिपोर्ट, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि आठवडाभराच्या साखरेच्या नोंदी बरोबर न्या. आणि या भेटी होईपर्यंत आजच्या गोळ्या आजच्याच वेळी चालू राहतील, एवढे वडिलांकडून आजच कबूल करून घ्या.